अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळेत मुलाचे निलंबन : त्याचे हक्क कोणते आणि जबाबदारी कोणाची?

प्रश्न | नववीतल्या मुलाचा बाबा

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही गेल्या वर्षी भारतातून अमेरिकेत आलो आणि मुलगा इथल्या सार्वजनिक शाळेत नववीला दाखल झाला. वर्षाच्या सुरुवातीला शाळेने 'विद्यार्थ्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या' या नावाची एक जाडजूड पुस्तिका पाठवली होती. शेवटच्या पानावर मुलाची आणि आमची सही हवी होती. ती आम्ही पुस्तिका न वाचताच करून दिली, हे आधीच कबूल करतो.

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत रांगेत धक्काबुक्की झाली. मुलगा म्हणतो की मागून धक्का आल्यामुळे तो पुढच्या मुलावर आदळला, तर तो मुलगा म्हणतो की याने मुद्दाम ढकलले. उपमुख्याध्यापकांनी आमच्या मुलाला बोलावून 'तुझा धक्का लागला की नाही, एवढेच सांग' असे विचारले आणि त्याने 'हो, पण' म्हणताच पुढचे काहीही ऐकून न घेता तीन दिवसांचे निलंबन सुनावले. त्यानंतर त्याचा फोन उघडायला लावून मित्रांशी झालेले संदेशही वाचले. आम्हाला कळवले ते हे सगळे उरकल्यावर.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे मास्तरांनी छडी मारली तर घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरी आणखी एक बसायची. त्यामुळे शाळेशी वाद घालणे मला मुळातच जड जाते. पत्नीचे मत मात्र स्पष्ट आहे की मुलाचे म्हणणे कुणीच ऐकले नाही आणि ते तसेच सोडून देणे योग्य नाही. निर्णयाआधी आपली बाजू मांडण्याचा हक्क त्याला होता का, फोन तपासण्याचा अधिकार शाळेला आहे का, सही करून आम्ही काही हक्क गमावून बसलो आहोत का, आणि हे निलंबन पुढे महाविद्यालयाच्या प्रवेशापर्यंत त्याचा पाठलाग करील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर | घटनेचा वाचक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि योगायोग असा की ज्या खटल्यामुळे ते तसे आहे त्याची सुरुवातही शाळेतल्या जेवणाच्या सभागृहातच झाली होती. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९७१ मध्ये शाळांमधून बरीच अशांतता होती आणि त्या काळात अनेक विद्यार्थ्यांना कोणतीही सुनावणी न देता दहा दिवसांपर्यंत निलंबित करण्यात आले. त्यांपैकी एकाचे म्हणणे असे होते की सभागृहात झालेल्या मोडतोडीशी त्याचा काहीच संबंध नव्हता, तो केवळ तिथे हजर होता. त्याच दिवशी त्याच्या शाळेतून आणखी किमान ७५ जणांना घरी पाठवले गेले होते. 'गॉस विरुद्ध लोपेझ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताने निकाल दिला की राज्याने एकदा मोफत शिक्षण देऊ केले आणि शाळेत येणे सक्तीचे केले, की ते शिक्षण थोड्या दिवसांसाठी का होईना काढून घेताना चौदाव्या घटनादुरुस्तीतली योग्य प्रक्रियेची हमी लागू होते.

ही प्रक्रिया फार मोठी नाही, आणि नेमके म्हणूनच ती टाळण्याला सबब उरत नाही. दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाआधी विद्यार्थ्यावर नेमका आरोप काय आहे हे तोंडी किंवा लेखी सांगावे, तो आरोप नाकारत असेल तर शाळेकडे कोणता पुरावा आहे हे त्याला कळू द्यावे, आणि मग त्याला स्वतःची हकिगत सांगू द्यावी. हे सारे प्रसंगानंतर काही मिनिटांत, त्याच कार्यालयात, उभ्या उभ्या झाले तरी चालते. वकील आणण्याचा किंवा साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क न्यायालयाने इथे दिलेला नाही. विद्यार्थी शाळेत राहिल्याने इतरांना धोका असेल तर त्याला आधी घरी पाठवून सुनावणी शक्य तितक्या लवकर नंतर घेता येते. तुमच्या वर्णनावरून तसा धोका दिसत नाही. 'एवढेच सांग' या दोन शब्दांनी मुलाची बाजू ऐकून घेतल्यासारखे होत नाही, कारण धक्का लागला हे त्याला मान्यच आहे. तो का लागला एवढाच वादाचा मुद्दा होता, आणि नेमका तोच त्याला बोलू दिला नाही.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. न्यू जर्सीतल्या एका शाळेत १९८० मध्ये चौदा वर्षांची एक मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. तिने ते नाकारल्यावर तिची पर्स उघडण्यात आली आणि त्यात सिगारेटच्या पाकिटाखेरीज गांजाही निघाला. १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती शाळेच्या अधिकाऱ्यांनाही बांधते, पण पोलिसांइतका भक्कम आधार त्यांना लागत नाही, वाजवी संशय पुरतो. ती मुलगी हरली. मात्र त्या निकालाने झडतीला दोन कसोट्या लावल्या आणि त्या आजही वापरात आहेत. झडती सुरू करायला वाजवी कारण असले पाहिजे, आणि ती जिथवर नेली तिथवर नेण्याचा त्या कारणाशी संबंध असला पाहिजे. दुसऱ्या कसोटीवर शाळा हरल्याचे ठळक उदाहरण २००९ चे आहे. ॲरिझोनातल्या एका शाळेने आयब्युप्रोफेनच्या गोळ्या लपवल्याच्या संशयावरून तेरा वर्षांच्या मुलीला अंतर्वस्त्रांपर्यंत कपडे उतरवायला लावले होते, आणि आठ विरुद्ध एक मताने ते घटनाबाह्य ठरले.

फोनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने शाळांपुरता वेगळा निकाल दिलेला नाही. २०१४ मध्ये पोलिसांच्या संदर्भात मात्र फोन म्हणजे खिशातली दुसरी कोणतीही वस्तू नव्हे, त्यासाठी वॉरंट लागते, असे एकमताने ठरले. त्याच्या आदल्याच वर्षी सहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या विभागापुरत्या, केंद्रीय अपील न्यायालयाने म्हटले होते की वर्गात फोन वापरण्याचा नियम मोडला, एवढ्यावरून त्यातले संदेश वाचण्याची मुभा शाळेला मिळत नाही. रांगेतल्या धक्क्याचा पुरावा मित्रांबरोबरच्या गप्पांत का शोधावा लागला, हा प्रश्न तुम्ही शाळेला निश्चित विचारू शकता. भांडण आधी ठरवून झाले असा संशय असेल तर त्यांच्याकडे उत्तर असेलही. शिवाय काही राज्यांचे कायदे याहून कडक आहेत, त्यामुळे तुमच्या राज्यातला नियम पाहून घ्या. मुलाने 'स्वतःहून' फोन उघडून दिला, असे शाळा म्हणण्याची शक्यता आहे. त्याने नेमके कोणत्या शब्दांनंतर तो उघडला, हे त्याला आजच लिहून ठेवायला सांगा.

सहीची काळजी सोडून द्या. बहुतेक ठिकाणी ती पुस्तिका मिळाल्याची पोच असते. नियम सहीवाचूनही लागू होतात आणि घटनेने दिलेले हक्क सहीने सुटत नाहीत. सार्वजनिक शाळा ही शासनाची शाखा असल्यामुळे घटना तिला बांधते. खासगी शाळेत मात्र बहुतेक गोष्टी करारावर चालतात आणि तिथे सहीचे वजन खरोखर मोठे असते.

उत्तर | निवृत्त शिक्षिका

मी इथल्या सार्वजनिक शाळांत बरीच वर्षे गणित शिकवले आणि अशा पुस्तिकेच्या मसुदा समितीवर दोनदा बसले, म्हणून नाण्याची दुसरी बाजूही सांगते. वरच्या उत्तरात कायदा बरोबर मांडला आहे. पण उपमुख्याध्यापकांच्या टेबलावर एका दुपारी अशी पाच-सहा प्रकरणे येतात आणि प्रत्येक प्रकरणात दोन्ही मुले 'मागून धक्का आला' असेच सांगतात. याचा अर्थ ऐकून घेऊ नये असा नाही. त्यांनी चूक केली असेल तर ती बहुधा घाईची आहे, आणि आकसाची चूक व घाईची चूक यांना एकाच सुरात उत्तर दिले तर घाईने केलेली चूकही माणूस आकसाने जपू लागतो.

पुस्तिकेबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. तिच्यात हक्क एका स्तंभात आणि जबाबदाऱ्या दुसऱ्या स्तंभात, समोरासमोर छापतात. 'मला सुरक्षित वातावरणात शिकण्याचा हक्क आहे' याच्या समोर 'इतरांना सुरक्षित वाटेल असे वागण्याची माझी जबाबदारी आहे', अशी ती मांडणी असते. वाचायला छान वाटते, पण वाचणाऱ्याची समजूत अशी होते की डावीकडचे काही मिळवायचे तर उजवीकडचे आधी भरावे लागते, आणि ज्याने जबाबदारी मोडली त्याचा हक्कही गेला. समितीत मी याविषयी बोलले होते, पण रकाने काही हटले नाहीत. वस्तुस्थिती अशी आहे की ऐकून घेतले जाण्याचा हक्क ज्याच्यावर नियम मोडल्याचा आरोप आहे त्याच्यासाठीच असतो, कारण ज्याने काहीच मोडले नाही त्याला तो वापरण्याची वेळच येत नाही. आपल्याकडून आलेल्या पालकांना हे पचायला विशेष वेळ लागतो. चुकलेल्या मुलाने वर तोंड करून बोलू नये, या संस्कारात आपण वाढलो, आणि मुले तोच संस्कार घेऊन त्या कार्यालयात गप्प बसतात. गप्प बसणे म्हणजे कबुली, असा अर्थ इथे सहज लावला जातो.

जबाबदाऱ्यांचा स्तंभ मात्र हलका समजू नका. त्यातली उपस्थिती ही राज्याच्या कायद्याने सक्तीची गोष्ट आहे आणि विनापरवानगी गैरहजेरी वाढली की पत्र थेट पालकांना येते. आजी आजारी आहे म्हणून तीन आठवडे भारतात जाऊन येणारी कुटुंबे इथे हमखास अडचणीत येतात, कारण त्यांना वाटते की कारण खरे आहे म्हणजे रजा मंजूरच आहे. दुसऱ्याच्या निबंधातले परिच्छेद उचलणे, गृहपाठ जसाच्या तसा मित्राला पाठवणे, याला आपण मदत म्हणतो आणि इथे पाठवणाऱ्यालाही शिक्षा होते. पुस्तिकेतली ही पाने मुलाबरोबर बसून वाचावीत, असे मला फार वाटते. हक्कांची पाने तो स्वतःच वाचील.

एक गोष्ट वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. अमेरिकेत तशी देशव्यापी बंदी नाही. फ्लोरिडातल्या एका मुलाला लाकडी फळीने वीसहून अधिक फटके मारल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९७७ मध्ये पाच विरुद्ध चार मताने ठरले की क्रूर शिक्षेविरुद्धची आठवी घटनादुरुस्ती शाळेतल्या मारापर्यंत पोहोचत नाही. बहुतेक राज्यांनी पुढे स्वतःहून फटके थांबवले, तरी दक्षिणेकडच्या काही राज्यांत ते आजही कायदेशीर आहेत. तुमच्या छडीच्या आठवणीवरून हे सुचले.

प्रतिसाद | नववीतल्या मुलाचा बाबा

दोघांचेही मनापासून आभार. रात्री मुलाबरोबर बसून पुस्तिका वाचली. तिच्यात निलंबनाविरुद्ध दाद मागण्याची मुदत शाळेच्या कामकाजाचे पाच दिवस अशी दिलेली आहे आणि त्यांपैकी तीन संपले आहेत. उद्या मुख्याध्यापकांना लिहायचे ठरवले आहे, पण पत्रात नेमके काय मागावे हे सुचत नाही. मुलाने आणखी एक प्रश्न विचारला. सकाळी वर्गात ध्वजाला उद्देशून जी प्रतिज्ञा म्हणतात ती त्याने म्हणावी की नाही, कारण तो भारताचा नागरिक आहे. आजवर तो सगळ्यांबरोबर ओठ हलवत आला आहे.

उत्तर | दोन मुलांची आई

आम्ही या वाटेने एकदा जाऊन आलो आहोत, म्हणून पत्राबद्दल आधी लिहिते. पत्र एका पानाहून मोठे नसावे. त्यात काय घडले याची मुलाच्या शब्दांतली हकिगत द्या, निर्णयाआधी त्याला त्याची बाजू मांडू दिली नाही हे एका वाक्यात सांगा, रांगेत मागे-पुढे उभ्या असलेल्या मुलांशी बोलण्याची आणि त्या जागी कॅमेरा असल्यास त्याचे चित्रण पुसले जाण्याआधी जपून ठेवण्याची विनंती करा, आणि निलंबनाची नोंद काढून टाकण्याची मागणी करा. उपमुख्याध्यापकांच्या स्वभावाविषयी एक अक्षरही लिहू नका. आम्ही पहिल्या पत्रात ते लिहिले आणि पुढचा महिनाभर सगळी चर्चा आमच्या भाषेवरच झाली, मूळ घटना बाजूलाच राहिली. पत्र ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाईल, आणि दूरध्वनीवर जे बोलणे होईल त्याचा गोषवारा त्याच दिवशी ईमेलने त्यांना परत पाठवत जा.

नोंदीबद्दल वेगळा कायदा आहे. १९७४ च्या 'फर्पा' या केंद्रीय कायद्यामुळे मुलाचे शैक्षणिक दप्तर पाहण्याचा हक्क पालकांना आहे आणि मागणी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत शाळेने ते दाखवले पाहिजे. त्यातली एखादी नोंद चुकीची किंवा दिशाभूल करणारी वाटली तर दुरुस्ती मागता येते, नकार आला तर सुनावणी मागता येते, आणि तिथेही हरलात तरी तुमचे लेखी म्हणणे त्या नोंदीला जोडून ठेवणे शाळेला भाग असते. आम्ही शेवटी तेवढेच मिळवले. अर्थात निर्णय पटला नाही एवढ्याच कारणावरून शिक्षा रद्द करून घेण्याचा हा मार्ग नव्हे. नोंदीतली हकिगत चुकीची असेल तर ती सुधारून घेण्यासाठी तो आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की हा हक्क तुमच्याकडून त्याच्याकडे जातो, हेही ध्यानात असू द्या.

महाविद्यालयाचे म्हणाल तर शेकडो महाविद्यालये जो सामायिक अर्ज वापरतात त्या 'कॉमन ॲप'ने शाळेतल्या शिस्तभंगाविषयीचा प्रश्न २०२१-२२ च्या हंगामापासून आपल्या सामायिक भागातून काढून टाकला. काही महाविद्यालये तो स्वतंत्रपणे विचारतात. तिथे खरे उत्तर द्यावे आणि दोन ओळींत खुलासा करावा. नववीतल्या तीन दिवसांमुळे जगबुडी होत नाही.

याच कायद्याच्या संदर्भात एक काम उरकून घ्या. नाव, पत्ता यांसारखी 'डिरेक्टरी' माहिती शाळा बाहेर देऊ शकते आणि हायस्कूलच्या मुलांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक सैन्यभरती करणाऱ्यांनाही मागितल्यास द्यावे लागतात, मात्र पालकांनी लेखी नकार दिला तर देता येत नाहीत. तो नकाराचा कागद बहुधा त्याच पुस्तिकेच्या मागे असतो आणि न वाचता सही करणाऱ्यांचा तोच राहून जातो.

उत्तर | घटनेचा वाचक

प्रतिज्ञेचे उत्तर अगदी निर्विवाद आहे. कोणत्याही विद्यार्थ्याला, तो नागरिक असो वा नसो, ती म्हणण्याची किंवा ध्वजाला वंदन करण्याची सक्ती सार्वजनिक शाळेला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये नेमका उलटा निकाल दिला होता, आणि तीनच वर्षांनी, म्हणजे दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, जून १९४३ मध्ये तो स्वतःच फिरवला. ध्वजवंदन आपल्या धर्माविरुद्ध मानणाऱ्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या पश्चिम व्हर्जिनियातल्या मुलांचे ते प्रकरण होते. आपल्याकडे केरळमधल्या याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्यामुळे शाळेतून काढले होते. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. तुमच्या मुलाने शांत उभे राहावे किंवा बसावे, दोन्ही चालते. इतरांच्या म्हणण्यात व्यत्यय आणणे मात्र चालत नाही.

ती रेषा साधारण सगळीकडे तशीच आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ डिसेंबर १९६५ मध्ये डे मॉइन शहरात काही मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि शाळेने त्यांना घरी पाठवले. १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मताने न्यायालय म्हणाले की शाळेच्या कामकाजात लक्षणीय व्यत्यय येईल असे मानायला काही आधार हवा, नुसती धास्ती पुरत नाही. २०१७ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या एका मुलीने चीअरलीडिंगच्या मोठ्या संघात निवड न झाल्याच्या रागात शनिवारी, शाळेबाहेरून, स्नॅपचॅटवर शिवराळ मजकूर टाकला, आणि त्यासाठी तिला वर्षभर संघाबाहेर ठेवणेही २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक मताने चूक ठरले. म्हणून शाळेबाहेर काहीही लिहायला मोकळीक मिळाली असे मात्र कोणी समजू नये. धमकी, कुणाचा छळ किंवा दादागिरी यांत शाळा हस्तक्षेप करू शकते, असे त्या निकालातही म्हटले आहे.

निवृत्त शिक्षिकांनी घाई आणि आकस यांत जो फरक केला तो मला मान्य आहे, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष पूर्णपणे पटत नाही. दुपारी सहा प्रकरणे असतात म्हणूनच ही प्रक्रिया न्यायालयाने पाच मिनिटांत होण्याजोगी ठेवली. तीही झाली नाही तर पत्राचा सूर मवाळ ठेवावा, पण मागणी कमी करू नये.

प्रतिसाद | निवृत्त शिक्षिका

हे मान्य. मागणी कमी करा असे मलाही म्हणायचे नव्हते. पत्राखाली मुलालाही सही करू द्या, आणि भेटीची वेळ मिळाली तर त्याला बरोबर न्या. पहिली दहा मिनिटे त्यालाच बोलू द्या. तुम्ही त्याच्या वतीने बोलू लागलात तर त्याचे म्हणणे त्या कार्यालयात दुसऱ्यांदा राहून जाईल.